रात्रपाळीची वही

धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत लघुउद्योजकांसमोर हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "एलजीबीटी कर्मचाऱ्यांसाठी धोरण केलं, तर माझ्या कारखान्यात नवं काय घडणार?" विचारणाऱ्याच्या मनात तुच्छता असतेच असं नाही. त्याची सरकीच्या तेलाची मिल असते, नाहीतर पॅकिंगचं युनिट. महिन्याच्या दहा तारखेला बँकेचा हप्ता, पंधराला वीजबिल आणि मधल्या दिवसांत कच्च्या मालाच्या भावाची धास्ती. असा माणूस नफ्यातोट्याचा प्रश्न विचारणारच. मला हा प्रश्न रास्त वाटतो. त्याचं उत्तर मात्र त्याला वाटतं त्यापेक्षा लांबून यावं लागतं.

नव्या कल्पनांची खान्देशाला सवय आहे. भवरलाल जैन यांनी १९७८ साली जळगावात केळीची पावडर बनवणारा एक बंद पडू पाहणारा कारखाना घेतला आणि तिथे पपईच्या चिकातून पपेन काढायला सुरुवात केली. पुढे त्याच घरातून ठिबक आलं, ऊतिसंवर्धित केळीची रोपं आली आणि रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीचं गणित बदललं. त्याच्याही आधी, २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजींनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी नोंदवली. तिचा कारखाना अमळनेरला होता. वनस्पती तूप आणि धुण्याचा साबण काढणारी ही कंपनी पुढे विप्रो झाली. अमळनेरात आजही जुन्या शेअर्सच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात. त्या गोष्टींत पैसा असतो, पण मला त्यातली दुसरी बाब मोठी वाटते. तेलाच्या धंद्यातली कंपनी संगणक बनवू शकते, असं कुणीतरी कधीतरी बोललं असणार, आणि ते ऐकून घेणारं कुणीतरी समोर असणार.

आपल्या भागातल्या बहुतेक कारखान्यांत नावीन्य म्हणजे पेटंट नव्हे. चटईच्या युनिटमध्ये नळीची जाडी किंचित कमी करूनही ताकद टिकवणं, डाळमिलमध्ये तुरीला तेल-पाणी लावून मुरवत ठेवण्याची वेळ बदलून तुकडा कमी करणं, साच्यात छोटा फेरफार करणं, असं ते असतं. यांतली बरीच सुधारणा मशीनजवळ उभ्या असलेल्या माणसाला सुचते. त्याला काहीतरी खटकतं. तो सांगतो, किंवा सांगत नाही. सगळा प्रश्न या 'सांगत नाही'चा आहे. मी तो एका वहीच्या निमित्ताने जवळून पाहिला.

मी तेव्हा ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात होतो. इनलाइन लॅटरलची लाइन ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिची शिस्त ठाऊक असेल. एका बाजूने काळे दाणे वितळून डायमधून नळी बाहेर पडते. त्याच वेळी फीडर तिच्या पोटात ठरावीक अंतरावर ड्रिपर सोडत जातो आणि ते आतल्या भिंतीला चिकटतात. नळी पाण्याच्या टाकीतून गार होत पुढे सरकते आणि शेवटी पंचिंगला येते. तिथे बरोबर ड्रिपरच्या डोक्यावर छिद्र पडावं लागतं. थोडं पुढेमागे झालं की त्या ठिकाणी पाणी ठिबकत नाही. कारखान्यात ते 'रिजेक्शन' असतं, शेतात ते तहानलेलं केळीचं झाड असतं. आमची मशीन जुनी होती. ड्रिपर ओळखणारा सेन्सर तिला नव्हता, लांबी मोजून छिद्र पडायचं. आणि दर उन्हाळ्यात दुपारच्या मालात चुकीच्या छिद्रांचं प्रमाण वाढायचं. ऑपरेटर बदलून पाहिले, ओढणारे पट्टे बदलले, दाण्यांच्या पुरवठादाराशी भांडण झालं. कारण काही सापडलं नाही.

त्या लाइनवर एक डिप्लोमा झालेला तरुण होता. कामात चोख होता. त्याच्या चालण्यात, हात हलवण्यात, बोलण्याच्या लकबीत एक मार्दव होतं, आणि तेवढ्यावर कारखान्याने त्याचं काय ते ठरवून टाकलं होतं. चहाच्या सुट्टीत त्याच्या नकला व्हायच्या. डबा खायला तो बसला की शेजारचा सरकून बसायचा, आणि बाकीचे त्या सरकण्याला हसायचे. कुणी त्याला मारलं नाही, कुणी कामावरून काढलं नाही. तक्रार करावी असं एकाही दिवशी काही घडलं नाही आणि रोज काही ना काही घडत राहिलं. मग त्याने कायमची रात्रपाळी मागून घेतली. रात्री माणसं कमी, कँटीन बंद, प्रत्येकजण आपापल्या झोपेशी झगडण्यात गुंतलेला. सुपरवायझरलाही बरं वाटलं, कारण रात्रपाळी स्वतःहून मागणारा माणूस कुठे मिळतो?

रात्रीच्या त्या मोकळ्या तासांत त्याने एक साधी वही सुरू केली होती. दर तासाला तो गार करणाऱ्या टाकीतल्या पाण्याचं तापमान मोजायचा आणि त्यासमोर त्या तासातली चुकीची छिद्रं लिहायचा. सकाळी पाळी संपल्यावर, लाइन दुसऱ्याच्या ताब्यात देताना, पुन्हा एकदा तापमान बघून घ्यायचा. मे महिन्यात जळगावचं ऊन काय असतं ते सांगायला नको. कूलिंग टॉवरचं पाणी सकाळी दहानंतर तापायला लागायचं, नळी टाकीतून पुरेशी गार न होता बाहेर यायची, पट्ट्यांनी ओढली की जरा जास्त ताणली जायची, आणि लांबी मोजून पडणारं छिद्र हळूहळू ड्रिपरवरून सरकायचं. पाणी अमुक तापलं तर पट्ट्याचा वेग तमुक करावा, असा एक कोष्टकवजा तर्कही त्याने मागच्या पानावर मांडून ठेवला होता. हे सगळं मला कळलं ते तो नोकरी सोडून गेल्यानंतर पुष्कळ दिवसांनी, चाकणला त्याची भेट झाली तेव्हा. तोवर कारखान्याने बाहेरचा सल्लागार आणून, चिलर बसवून, तोच धडा पैसे मोजून शिकून घेतला होता.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"कुणाला सांगू सर? मीटिंगमध्ये उभं राहून बोलायचं म्हणजे सगळे माझ्याकडे बघणार. तिथं मी मशीनकडं बघून दिवस काढले. माणसांकडं बघितलंच नाही."

चाकणच्या ज्या कंपनीत तो आता होता, तिथे पहिल्याच दिवशी नव्या लोकांना जी माहिती देतात तीत दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या होत्या. कुणाच्या लैंगिकतेवरून, बोलण्याचालण्यावरून नक्कल किंवा शेरेबाजी झाली तर ती शिस्तभंगाची बाब धरली जाईल, ही एक. आणि आरोग्यविम्यात जोडीदाराचं नाव घालताना तो स्त्री की पुरुष हे विचारलं जाणार नाही, ही दुसरी. त्याने विम्यात नाव लगेच घातलं नव्हतं. वर्षभर अंदाज घेतला. पण पहिल्या महिन्यातच एक गोष्ट मागून घेतली होती: दिवसपाळी. मी गेलो तेव्हा तो सुधारणा गटात होता आणि भिंतीवरच्या फळ्यावर त्याच्या सूचना इतरांच्या सूचनांसोबत टांगलेल्या होत्या.

या मुलाकडे काही दैवी प्रतिभा होती असं मला सुचवायचं नाही. समलिंगी किंवा पारलिंगी माणसं जात्याच कल्पक असतात, हे कौतुकाच्या सुरात म्हटलं जातं. तेही मला पटत नाही. तो एक चांगला, निरीक्षण करणारा ऑपरेटर होता, आणि असे ऑपरेटर प्रत्येक कारखान्यात चार-दोन असतात. महत्त्वाचं आहे ते आजूबाजूच्यांचं. त्याची नक्कल होताना जे हेल्पर, जे फिटर हसत होते, तेही काहीतरी शिकत होते. इथे वेगळं दिसलं की चेष्टा होते, हा धडा त्यांनी घेतला. मग बंडल गुंडाळण्याची सोपी पद्धत ज्याला सुचली असेल, तोही गप्प बसला असेल. ज्या जागी एका माणसाला रोज लपावं लागतं, त्या जागी बाकीचेही वेगळं बोलण्याआधी दहादा विचार करतात. धोरणाचा आणि नावीन्याचा संबंध मला सगळ्यात जास्त इथे दिसतो.

आता अभ्यासकांचं म्हणणं. हुआशेंग गाओ आणि वेई झांग या दोन संशोधकांचा एक निबंध २०१७ साली 'मॅनेजमेंट सायन्स' या नियतकालिकात आला. अमेरिकेत नोकरीतल्या भेदभावाला बंदी करणारे कायदे वेगवेगळ्या राज्यांनी वेगवेगळ्या वर्षी केले. काही राज्यांनी लैंगिक कल आणि लिंगओळख यांवरून होणाऱ्या भेदभावालाही त्यात मनाई केली, काहींनी केली नाही. म्हणजे तुलना करायला आयतीच सोय झाली. या दोघांनी पाहिलं की असा कायदा झालेल्या राज्यांतल्या कंपन्यांची पेटंट इतर राज्यांतल्या कंपन्यांच्या मानाने सुमारे ८ टक्क्यांनी वाढली, आणि त्या पेटंटचा इतरांनी घेतलेला आधार सुमारे ११ टक्क्यांनी. कारणाचा शोध घेताना त्यांना हालचाल दिसली. संशोधक माणसं कायदा नसलेल्या राज्यांतून कायदा असलेल्या राज्यांत जात होती. त्यात फक्त एलजीबीटी माणसं नव्हती. मोकळ्या वातावरणात काम करायला आवडणारी इतर हुशार माणसंही होती.

हा अमेरिकेचा अभ्यास आहे, मोठ्या कंपन्यांचा आहे आणि पेटंटवर बेतलेला आहे. तो जसाच्या तसा उचलून जळगावच्या डाळमिलला लावणं बरोबर नाही. शिवाय ८ टक्के ही सरासरी आहे. एका कंपनीने आज धोरण केलं की तिला उद्या ८ टक्के मिळतील असा त्याचा अर्थ नाही, आणि तसं सांगत फिरणारे सल्लागार मला आवडत नाहीत. पण त्यातला हालचालीचा भाग आपण रोज डोळ्यांनी पाहतो. संध्याकाळी जळगावच्या बसथांब्यांवर आणि धुळ्याच्या महामार्गालगत पुण्याकडे निघालेल्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या उभ्या असतात. महाराष्ट्र एक्स्प्रेसचे डबे भरतात. शिरपूरला फार्मसी शिकलेली, जळगावच्या विद्यापीठात रसायन तंत्रज्ञान शिकलेली, धुळ्यात इंजिनिअर झालेली मुलं-मुली निघून जातात. बहुतेक पगारासाठी जातात, हे खरं. पण त्या गाडीत काहीजण असे असतात की ज्यांना पगार इथेही चालला असता. त्यांना हवी असते ती अशी जागा, जिथे लग्न कधी करणार हे रोज कुणी विचारणार नाही आणि खोलीवर कोण येतं याची चौकशी होणार नाही. इथला मालक म्हणतो, चांगली माणसं टिकत नाहीत. का टिकत नाहीत याच्या यादीत हे कारण कधी लिहिलं जात नाही, कारण जाणारा ते सांगून जात नाही. राजीनाम्यात 'वैयक्तिक कारण' एवढंच असतं.

जाणाऱ्या माणसाबरोबर काय जातं, याचा जगातला सगळ्यात मोठा दाखला बहुधा लिन कॉनवे यांचा असेल. साठच्या दशकात त्या आयबीएममध्ये एका अतिवेगवान संगणकाच्या प्रकल्पावर काम करत होत्या. एकाच वेळी अनेक आज्ञा, त्यांचा क्रम मागेपुढे करत, पार पाडण्याची एक युक्ती त्यांनी तिथे शोधली. १९६८ साली त्यांनी कंपनीला सांगितलं की आपण पुरुष म्हणून जगणं सोडून स्त्री होत आहोत. कंपनीने त्यांना काढून टाकलं. कॉनवे यांनी नाव बदललं, भूतकाळ पुसला आणि साध्या प्रोग्रॅमरच्या कामापासून पुन्हा सुरुवात केली. पुढे झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात त्या पोहोचल्या आणि कार्व्हर मीड यांच्याबरोबर त्यांनी चिपच्या रचनेची जी पद्धत मांडली, तिच्या १९८० सालच्या पुस्तकावर इंजिनिअरांच्या पिढ्या घडल्या. आयबीएममधल्या त्या जुन्या शोधाचं श्रेय मात्र त्यांना कितीतरी वर्षं घेता आलं नाही, कारण श्रेय घ्यायचं तर आपण कोण होतो हे सांगावं लागलं असतं. आयबीएमने त्यांची माफी मागितली ती २०२० साली, बावन्न वर्षांनी. जून २०२४ मध्ये त्या वारल्या.

याच आयबीएमने १९८४ साली आपल्या धोरणात लैंगिक कलावरून भेदभाव होणार नाही असं लिहून घेतलं. म्हणजे कंपनी बदलू शकते. आणि आपल्यासाठी एक जवळचा धागा असा की १९७८ मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडली, तेव्हा मोकळ्या झालेल्या जागेत पाय रोवणाऱ्यांत अमळनेरची मुळं असलेली विप्रो होती. पुढे आयटी कंपन्यांनी या देशात ज्या अनेक गोष्टी आधी केल्या त्यांत एलजीबीटी कर्मचाऱ्यांसाठीची धोरणंही आली. त्यांना जगभरातली गिऱ्हाइकं होती, माणसं टिकवण्याची गरज होती. प्रश्न आहे तो बंगळूरच्या कार्यालयात जे गृहीत धरलं जातं ते खान्देशातल्या शॉपफ्लोअरवर कधी पोहोचणार, हा.

उत्पादनाच्या क्षेत्रात हे होत नाही असंही नाही. टाटा स्टीलने २०१९ मध्ये समलिंगी जोडीदारांना कुटुंबासाठीच्या सवलती द्यायचं ठरवलं आणि २०२१च्या शेवटी झारखंडमधल्या पश्चिम बोकारोच्या कोळसा खाणीत अवजड यंत्रं चालवायला पारलिंगी व्यक्तींना घेतलं. खाण म्हणजे काही वातानुकूलित कार्यालय नव्हे. मुंबईत गोदरेज समूहात परमेश शहाणींनी अनेक वर्षं या विषयावर काम केलं आणि २०२० साली 'क्वीरिस्तान' हे पुस्तक लिहिलं. भारतीय कंपन्यांनी नेमकं काय करावं, हे सांगण्याची त्यांची हातोटी मला आवडते, कारण ते थेट प्रवेशद्वारावरच्या रखवालदारापर्यंत येऊन बोलतात.

रखवालदारापर्यंत यावंच लागतं. आपल्याकडे कायद्याचं छत अर्धवट आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले, पण खासगी कंपनीत समलिंगी माणसाला भेदभावापासून वाचवणारा वेगळा कायदा झाला नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा तक्रारदार म्हणून फक्त स्त्रीचा विचार करतो. माझ्या त्या ऑपरेटरला अंतर्गत समितीकडे जायचं असतं तरी कायद्याने त्याला तिथे जागा नव्हती. पारलिंगी व्यक्तींसाठी २०१९चा कायदा आला. त्यात तक्रार निवारण अधिकारी नेमायला सांगितलं आहे आणि २०२०च्या नियमांत समान संधीचं धोरण जाहीर करायला. आस्थापनेच्या व्याख्येत खासगी कंपन्या आणि छोट्या फर्मही येतात, म्हणजे आपली डाळमिलसुद्धा आली. पण नियम कागदावरच राहिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये जेन कौशिक या पारलिंगी शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला असं धोरण आखण्यासाठी समिती नेमावी लागली, यावरून काय ते समजावं.

अशा वेळी कंपनीचं स्वतःचं धोरण हाच खरा आधार उरतो, आणि त्याचं मोल छोट्या-छोट्या तरतुदींत असतं. भविष्य निर्वाह निधीचंच घ्या. कुटुंब असलेल्या सभासदाला त्यातलंच कुणीतरी वारस म्हणून लावावं लागतं. आईवडील अवलंबून असतील, तर ज्याच्याबरोबर आयुष्य काढलं त्या जोडीदाराचं नाव तिथे चालत नाही. ग्रॅच्युइटीचंही तसंच. कंपनी हा नियम बदलू शकत नाही, पण स्वतःचा अपघात विमा, आरोग्यविमा, आजारपणाची रजा, घरच्या माणसाच्या निधनाची रजा यांत जोडीदाराला जागा देऊ शकते. त्याला फारसा खर्च नसतो.

धोरण कारखान्याच्या फाटकाशी संपलं तर काय होतं हे कोचीने दाखवलं. २०१७ मध्ये कोची मेट्रोने पारलिंगी व्यक्तींना कामावर घेतलं, देशभर कौतुक झालं. थोड्याच दिवसांत त्यांतल्या काहीजणींनी नोकरी सोडली, कारण शहरात त्यांना राहायला खोली कुणी देईना. जळगावात आणि धुळ्यात खोली मिळवणं याहून सोपं आहे असं समजण्याचं कारण नाही. घरमालक आधी जात विचारतो, मग लग्न झालंय का विचारतो. बाहेरगावच्या कामगारांसाठी खोल्या घेणारे कारखाने आपल्याकडे आहेत. त्यांनी ठरवलं तर हा प्रश्न त्यांच्या हातात आहे.

"आपल्या भागातले लोक हे चालवून घेणार नाहीत," असं अनेक मालक सांगतात. मला तितकी खात्री वाटत नाही. जळगाव तालुक्यातलं भादली बुद्रुक घ्या. ग्रामपंचायत निवडणुकीत अंजली पाटील या पारलिंगी उमेदवाराने महिलांच्या राखीव जागेवर अर्ज भरला. तो फेटाळला गेला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना स्त्री म्हणून लढायची मुभा दिली. त्याच महिन्यात गावाने त्यांना निवडून दिलं. अर्ज अडला तो कार्यालयात. मतदार अडले नाहीत. २०२४च्या विधानसभेला शमिभा पाटील रावेरमधून वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवार होत्या. माणसं ओळखीने बदलतात, आणि खान्देशातल्या गावांत ओळख व्हायला वेळ लागत नाही. कारखान्यात ती होऊ दिली जात नाही, कारण तिथे लपण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणजे लोक तयार नाहीत म्हणून आपण थांबतो आणि आपण थांबतो म्हणून लोक तयार होत नाहीत.

एक शंका मला या सगळ्या युक्तिवादाबद्दलच आहे. माणसाला मानाने वागवावं याचं कारण 'त्यातून पेटंट वाढतात' हे असावं का? जागतिक बँकेसाठी ली बॅजेट यांनी २०१४ साली भारतावर एक अभ्यास केला होता. एलजीबीटी व्यक्तींना बाजूला ठेवल्याने देशाचं दरवर्षी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.१ ते १.७ टक्क्यांइतकं नुकसान होतं, असा अंदाज त्यात होता. असे आकडे मी उद्योजकांना सांगतो, कारण ते ऐकले जातात. पण समजा उद्या कुणी सिद्ध केलं की काहीच फायदा होत नाही, तर त्या ऑपरेटरच्या शेजारून डबा घेऊन सरकणं योग्य ठरेल का? ठरणार नाही. ज्याला काही नवं सुचत नाही, जो आठ तास नेमून दिलेलं काम करून घरी जातो, त्यालाही जेवताना शेजार हवा. हे मी बैठकीत शेवटी सांगतो. कधी लोक माना डोलावतात, कधी घड्याळ बघतात.

गेल्या पावसाळ्यात जळगावच्या एका युनिटच्या मालकांनी मला बोलावून घेतलं. वयाने मोठे, सगळे त्यांना नाना म्हणतात. म्हणाले, "मोठं काही नको. एक पान लिहा, मराठीत, मला आणि सुपरवायझरला समजेल असं." आम्ही बसून एक पान लिहिलं. भरतीच्या अर्जात लिंगाच्या रकान्यात तिसरा पर्याय आणि 'सांगायचं नाही' हा चौथा. नक्कल, शेरेबाजी, लग्नावरून छेडणं यांना शिस्तभंगाच्या यादीत जागा. गटविम्यात जोडीदार, त्यासाठी विमा कंपनीशी बोलण्याची जबाबदारी हिशेबनीसावर. एक स्वच्छतागृह कुणीही वापरावं असं, कडी नीट लागणारं. आणि दर महिन्याच्या सुधारणा बैठकीत बोलून दाखवायचं नसेल त्याने लिहून दिलं तरी चालेल, ही ओळ मी आग्रहाने घालून घेतली.

नानांनी सही केली. अडलं ते शेवटच्या कलमावर. तक्रार घेणारा माणूस कोण? नानांचं म्हणणं, त्यांचा मुलगा. मी म्हटलं, मालकाच्या मुलाकडे हेल्पर जाणार नाही. मग टाइम ऑफिसचे साहेब सुचवले गेले, पण नकलांत सगळ्यात पुढे तेच असतात हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. स्टोअरमध्ये एक ताई आहेत, बारा वर्षं झाली त्यांना, अडीअडचणीला उचल मागायला लोक त्यांच्याकडेच जातात. त्यांचं नाव फिटरने काढलं. पण त्या दिवसपाळीला असतात आणि रात्री दोन वाजता काही घडलं तर त्यांच्यापर्यंत कसं पोहोचायचं हे ठरलेलं नाही. ताईंनी आपला फोन नंबर द्यायची तयारी दाखवली आहे. नाना म्हणतात, त्यासाठी त्यांना वेगळा भत्ता द्यावा लागेल, आणि तो किती द्यायचा यावर सध्या बोलणं चाललं आहे.